तीन मीटरचा घाट: डेब्री फ्लो प्रकल्पाच्या नोंदी

8 जुलै 2024, सोमवार

विषय ठरला. बाकीच्या ग्रुपांनी नेहमीचंच घेतलं: फ्लाय ॲशच्या विटा, पेव्हर ब्लॉक, रेनवॉटर हार्वेस्टिंग. सरांनी वर्गात विचारलं होतं, "डोंगरावरची दगडमाती कधीकधी घसरून जागीच थांबते आणि कधीकधी पाण्यासारखी वाहत गावापर्यंत येते. असं का?" कुणी तोंड उघडलं नाही. आम्ही पहिल्या बाकावर होतो, त्यामुळे विषय आमच्या गळ्यात पडला. आम्ही चौघं: परळीवाला, उदगीरवाली, कन्नडवाला आणि मी. वही माझ्याकडे, कारण माझं अक्षर म्हणे लागतं.

आधी काय म्हणजे काय ते ठरवून घेतलं. दरड कोसळते तेव्हा कडा किंवा मातीचा तुकडा सुटतो आणि पायथ्याशी ढीग होतो. पुरात पाणी मालक असतं, दगडमाती त्याच्यामागे फरफटत जाते. डेब्री फ्लोमध्ये दोघंही मालक. दगड, माती, पाणी एकाच वेगाने, एकमेकांना ढकलत येतात. आकारमानाने निम्म्याहून जास्त घन पदार्थ असतो आणि घनता पाण्याच्या जवळजवळ दुप्पट. बेसाल्टचा धोंडा साध्या पाण्यात साधारण एक तृतीयांशाने हलका होतो. दुप्पट घनतेच्या या रेंद्यात तोच धोंडा सत्तर टक्क्यांनी हलका होतो. ट्रकएवढे धोंडे वर-वर तरंगत आल्याच्या हकिगती ऐकतो, त्यामागचा निम्मा हिशोब इथेच आहे.

परळीवाल्याची शंका रास्त होती. "आपल्याकडं प्यायला पाणी नाही अन् दरडी कुठल्या आणायच्या?" माळीण (30 जुलै 2014), तळिये (22 जुलै 2021), इर्शाळवाडी (19 जुलै 2023) या सगळ्या जागा सह्याद्रीच्या, जिथे मराठवाड्याचा अख्ख्या पावसाळ्याचा पाऊस काही दिवसांत पडतो. पण कन्नडवाल्याने 31 ऑगस्ट 2021 काढला. त्या दिवशी कन्नडच्या औट्रम घाटात जागोजागी दरडी आल्या, रस्त्यावर चिखल आणि दगड उतरले, वाहनं अडकून पडली. म्हणजे आपल्याकडे हे क्वचित होतं, पण होतं.

15 जुलै

डिझाइन. अमेरिकेत ओरेगॉनच्या जंगलात तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने 1991 मध्ये एक काँक्रीटचं चॅनेल बांधलं आहे: 95 मीटर लांब, 2 मीटर रुंद, उतार 31 अंश. वरून एका वेळी 20 घनमीटर माल सोडता येतो. आमच्या वर्कशॉपची लांबी त्याच्या एक पंचमांशसुद्धा नाही. आमचं चॅनेल 3 मीटर लांब, 20 सेंटिमीटर रुंद. उतार मात्र तोच, 31 अंश.

तळ आणि एक बाजू एमएस पत्र्याची, दुसरी बाजू ॲक्रिलिकची, कारण आतलं दिसलं पाहिजे. खाली एल अँगलचा सांगाडा. वर हॉपर, म्हणजे माल भरायची पेटी, त्याला झटक्यात उघडणारी झडप. खालच्या टोकाला प्लायवूडचं सपाट अंगण, लोंढा पसरायला. चिकलठाण्याच्या फॅब्रिकेटर काकांनी ड्रॉइंग उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, "हे घसरगुंडी आहे का?" उदगीरवालीने मान डोलावली. पुढे समजावण्यात वेळ गेला असता.

19 जुलै

सरांनी आज फळ्यावर एकच गणित केलं, पण ते या सगळ्याचं मूळ आहे म्हणून पूर्ण उतरवतो.

31 अंशांच्या उतारावर 1 मीटर जाडीचा मुरमाड मातीचा थर. चिकटपणा शून्य धरला, अंतर्गत घर्षणाचा कोन 36 अंश. सुरक्षा गुणांक म्हणजे धरून ठेवणारा जोर भागिले खाली ओढणारा जोर; 1 च्या खाली गेला की थर सुटतो. कोरडं असताना तो 1.21. म्हणजे थर जागेवर आहे, फार ऐटीत नाही, पण आहे. आता पाऊस मुरतो, खालच्या खडकावर अडतो आणि थरात तळापासून वर चढायला लागतो. कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांवर तेवढ्या जोराने टेकत नाहीत. टेकणं कमी तर घर्षण कमी. टेरझागीने शंभर वर्षांपूर्वी मांडलेलं हेच तत्त्व आम्ही दुसऱ्या वर्षी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. गणिताने सांगितलं की पाणी सुमारे 33 सेंटिमीटर चढलं की गुणांक 1 वर येतो. पूर्ण थर भिजला तर 0.58.

म्हणजे थर पूर्ण भिजायची वाटच बघत नाही, एक तृतीयांशालाच सुटतो.

पण सुटणं वेगळं आणि वाहणं वेगळं. सुटलेला थर चार हात घसरून थांबूही शकतो. पळतो कधी, हा आमचा प्रश्न. हे वाक्य सरांनी दोनदा सांगितलं, म्हणून अधोरेखित.

24 जुलै

चॅनेल आलं. टेम्पोतून उतरवताना ॲक्रिलिकला एक चरा पडला, चालेल. सांधे सिलिकॉनने भरले, तरी हॉपरच्या कोपऱ्यातून पाणी गळतंय. वर्कशॉपच्या मामांनी एमसील लावून दिलं आणि वर ताकीद दिली: "उद्यापर्यंत हात लावायचा नाही." तळाच्या गुळगुळीत पत्र्यावर माल नुसता घसरतो, म्हणून इपॉक्सी लावून त्यावर क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, चिकटवली.

नदीची वाळू घेतली नाही. महाग पडते, आणि आपल्या डोंगरात गोल कणांची वाळू असतेच कुठे? क्रशरवरची काळी क्रश सँड, 10 मिलिमीटरची खडी, चाळलेला मुरूम. खाली मोठा टब. पाणी गाळून पुन्हा वापरायचं, कारण हॉस्टेलला टँकर येतो आणि लोंढ्यापायी आंघोळी बुडाल्या तर प्रकल्प नव्हे, आम्हीच रस्त्यावर येऊ.

1 ऑगस्ट

परवा पहाटे केरळात वायनाडची दरड. मुंडक्कई, चूरलमला ही गावं. काल दिवसभर लॅबमध्ये कुणी धड काम केलं नाही, सगळे फोनवर.

आज हैदराबादच्या एनआरएससीने, म्हणजे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने, उपग्रहाची चित्रं दिली. दरड सुटली ते टोक समुद्रसपाटीपासून 1550 मीटरवर. सुटलेला भाग सुमारे 86,000 चौरस मीटर. तिथून लोंढा नदीच्या पात्रातून सुमारे 8 किलोमीटर गेला, वाटेत पात्राच्या कडा खात, रुंद करत. त्याच जागेवर आधीही दरड झाल्याची नोंद आहे. पावसाचा सांगितला जाणारा आकडा 48 तासांत 572 मिलिमीटर, त्यातले सुमारे 200 पहिल्या दिवशी आणि उरलेले दुसऱ्या.

दोन गोष्टी नोंदवतो. एक, पहिल्या दिवसाच्या पावसाने जमीन भरून ठेवली, दुसऱ्या दिवसाच्या पावसाने ती सोडली. दोन, 8 किलोमीटरवरच्या माणसाच्या डोक्यावर डोंगर नसतो. त्याच्या शेजारी फक्त ओढा असतो. "आमचं घर उतारावर नाही" या वाक्याला डेब्री फ्लोच्या बाबतीत फार अर्थ उरत नाही. वरून येणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी घर आहे का, हे बघायचं.

10 ऑगस्ट

मुख्य प्रयोगाची पहिली फेरी. झडप बाजूला ठेवली. वरच्या भागात 12 सेंटिमीटर जाडीचा क्रश सँडचा थर लावला, पुढून बुटकी फळी. तळातल्या भोकांच्या पाइपमधून पाणी हळूहळू आत. दोन तऱ्हा: एकदा वाळू नुसती ओतलेली, हलकी. एकदा थराथराने ठोकून बसवलेली.

ओतलेल्या वाळूचं लिटरला वजन 1.45 किलो भरलं, कणांची घनता 2.85, म्हणजे पोकळी 49 टक्के. ठोकलेलीचं 1.71 किलो, पोकळी 40 टक्के. डोळ्यांना दोन्ही थर सारखेच.

ठोकलेला थर पाणी चढल्यावर आधी वरच्या बाजूला चिरला. मग बोटभर सरकला. थांबला. पुन्हा पाणी, पुन्हा बोटभर. परळीवाला वैतागून म्हणाला, "सर, हे पळना गेलंय." सर म्हणाले, "मग लिहा तसंच."

ओतलेल्या थराने काहीच सूचना दिली नाही. चीर नाही, फुगवटा नाही. पृष्ठभागावर एकदम चकाकी आली, जणू पाणी वर उमटलं, आणि दुसऱ्या क्षणी सगळा माल खालच्या अंगणात. सेकंदाला 240 फ्रेमच्या व्हिडिओत पाहिलं तर सुटण्यापासून पूर्ण पळ धरेपर्यंत एक सेकंदसुद्धा लागला नाही.

ओरेगॉनच्या चॅनेलवर हाच प्रयोग मोठ्या प्रमाणात झाला होता, 2000 साली छापून आला. तिथेही पोकळी 50 टक्क्यांच्या आसपास असलेली माती सेकंदभरात सुसाट सुटली, आणि 40 टक्क्यांच्या आसपासची अडखळत सरकत राहिली. उतार तोच, माती तीच, पाणी तेच.

कारण असं: सैल कण सरकायला लागले की एकमेकांच्या पोकळीत बसू पाहतात, जागा आकसते. आत पाणी आहे, त्याला निघून जायला वेळ नाही, त्यामुळे भार पाण्यावर येतो, दाब चढतो, घर्षण आणखी घटतं, आणखी पळतं. घट्ट कणांना सरकायचं तर एकमेकांवर चढावं लागतं. जागा वाढते, पाणी आत ओढलं जातं, दाब पडतो, थर स्वतःलाच ब्रेक लावतो.

हे वाचून माहीत होतं. चकाकी प्रत्यक्ष बघणं निराळं.

14 ऑगस्ट

दाब मोजल्याशिवाय वरचं कारण म्हणजे ऐकीव गोष्ट. आधी गवंड्याची लेव्हल पाइप तळाच्या भोकाला जोडून बघितली. पाणी हळू चढत असताना ती झकास चालते. पण थर सुटतो तेव्हा उपयोगाची नाही, कारण नळीत पाणी शिरून पातळी चढेपर्यंत खेळ खलास झालेला असतो. पुण्याहून मागवलेला छोटा प्रेशर सेन्सर आर्डुइनोला, म्हणजे आकडे नोंदवणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला, जोडला. तोंडावर बारीक जाळी आणि फिल्टर, आत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा दाबला जातो आणि सेन्सर खोटं बोलतो. बुडबुडे काढणं हीच आजची सगळी दुपार.

संध्याकाळी ग्राफ मिळाले. ओतलेला थर सुटताना रेघ एकदम वर उडी मारते. ठोकलेला सरकताना रेघ खाली बुडी मारते, मग सावकाश सावरते, आणि सावरली की थर पुन्हा बोटभर सरकतो. उदगीरवालीने दोन्ही ग्राफ एकाखाली एक लावून प्रिंट काढून भिंतीला चिकटवले. या प्रकल्पात दाखवण्यासारखं जे काही आहे ते त्या एका कागदावर आहे, असं माझं मत.

18 ऑगस्ट, रविवार

कन्नड घाट. कन्नडवाल्याच्या घरी पिठलं-भाकरी, मग मोटारसायकलींवर घाटात. जड वाहनांना घाट बंद असल्यामुळे रस्त्याकडेला थांबून बघता आलं.

रस्ता कापलेल्या भिंतीत डोंगराची रचना उघडी दिसते. वर टणक काळा बेसाल्ट, उभ्या भेगांचा. त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा, कुजून मुरूम होत चाललेला थर. आणि दोन लाव्हांच्या मध्ये हात-दीड हात जाडीचा विटकरी लाल थर. त्या लाल थराच्या बरोबर वर ओलीची आडवी रेघ होती, शेवाळ धरलेलं, थेंब-थेंब पाझरणारं. वरच्या भेगांतून उतरलेलं पाणी लाल थरातल्या चिकणमातीवर अडतं आणि आडवं बाहेर येतं. फळ्यावरच्या गणितात "पाणी खालून चढतं" म्हटलं होतं, ते इथे असं. टणक कड्याच्या पायथ्याशी वर्षानुवर्षं पडलेल्या धोंड्यांचा आणि मुरमाचा सैल उतार तयार होतो. पाझर नेमका त्याच्या पोटात.

रस्त्याखालच्या एका मोरीच्या वरच्या अंगाला बारका ओढा चढून गेलो. याच पावसाळ्यातली खूण सापडली, दोन-चार ट्रॉल्या माल असेल. पुराची की डेब्री फ्लोची, यावर वाद झाला. पुराने टाकलेला माल निवडलेला असतो: खाली दगड, वर रेती, वर गाळ, थर दिसतात. इथे मुठीएवढे आणि डोक्याएवढे दगड चिखलात कुठेही रुतलेले, काही तर एकमेकांना न टेकता, मध्ये चिखल. दोन्ही कडांना गुडघाभर उंचीचे दगडांचे बांध, आतल्या बाजूने जवळजवळ उभे. एका सागाच्या खोडाची वरची बाजू सोललेली आणि सोललेल्या जागेत खडीचे तुकडे ठोकल्यासारखे घुसलेले. माझं मत डेब्री फ्लो, लहानसा. सरांना फोटो पाठवले, ते हो म्हणाले.

ओढ्याच्या वळणावर चिखलाची रेघ बाहेरच्या काठावर जास्त उंच होती. टेप लावली: पात्र 4 मीटर, दोन काठांतला फरक 80 सेंटिमीटर, वळणाची त्रिज्या अंदाजे 12 मीटर. वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले त्रिज्या गुणिले पृष्ठभागाचा तिरपेपणा. उत्तर सेकंदाला 4.8 मीटर, ताशी 17 किलोमीटर. त्रिज्येचा अंदाज इकडेतिकडे झाला तरी धावत्या माणसाच्या जवळपास. चिखल उसळलेला असू शकतो, म्हणून हा आकडा अहवालात "सुमारे" लावूनच.

2 सप्टेंबर, पोळा

परळीवाला बैलांना सजवायला घरी गेलाय. दोन दिवस पावसाने परभणी, हिंगोली, नांदेडची दैना केली आहे. सगळ्यांच्या तोंडी एकच: कोणत्या मंडळात अतिवृष्टी झाली. आपल्याकडे 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात, मग पंचनामे.

त्यावरून एक हिशोब केला. नेल केन यांनी 1980 मध्ये जगभरातल्या 73 घटना गोळा करून उथळ दरडी आणि डेब्री फ्लोसाठी पावसाची खालची सीमा काढली: ताशी तीव्रता बरोबर 14.82 गुणिले तासांचा घात उणे 0.39. तासाभराच्या पावसाला सीमा सुमारे 15 मिलिमीटर. 10 तासांना ताशी 6, एकूण 60. 24 तासांना ताशी 4.3, एकूण 103.

म्हणजे 65 चा आकडा पिकासाठी ठीक, उतारासाठी त्याचा अर्थ तो किती तासांत पडला यावर. दिवसभर रिपरिप 65 पडला तर सीमेच्या बराच खाली. तोच तीन तासांत कोसळला तर ताशी जवळजवळ 22, सीमा ताशी 9.7, दुपटीहून वर. मंडळांत स्वयंचलित केंद्रं आहेत, तासाचा आकडा मिळू शकतो. पेपरात येतो तो मात्र दिवसाचा.

आणि ही नुसती खालची सीमा आहे, भविष्यवाणी नव्हे. तासाला 15 मिलिमीटर मराठवाड्यात कितीतरी वळवात पडतो आणि डोंगर हलत नाहीत. तापलेली जमीन आधी पिऊन घेते, काळ्या मातीच्या भेगा तर पहिला पाऊस गिळूनच टाकतात. ऑगस्टअखेर, जमीन भरलेली असताना पडलेला तोच पाऊस वेगळा. घाटातली 2021 ची तारीख पुन्हा बघा: 31 ऑगस्ट.

12 सप्टेंबर

सरांनी आज आमची हवा काढली, आणि ते चांगलं झालं.

आम्ही झडप उघडून 4 सेंटिमीटर खोल लोंढे सोडतोय आणि ते अंगणात येताच मुटकुळं करून बसतात. निसर्गातले लोंढे 3-4 अंशांच्या उतारावरही पुढे सरकत राहतात. मग आमचेच का बसतात? सर म्हणाले, मापाचा हिशोब करा.

कणांमध्ये कोंडलेला दाब ओसरायला लागणारा वेळ हा जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 1 मीटर जाडीच्या लोंढ्याच्या तुलनेत आमचा 25 पटींनी पातळ, म्हणजे दाब 625 पटींनी लवकर ओसरतो. पण आमचा लोंढा वाहतो त्या वेळेत फक्त वर्गमुळाएवढी, 5 पटींची घट होते. 625 भागिले 5, म्हणजे 125. खऱ्या डोंगराच्या मानाने आमच्या चॅनेलमध्ये दाब 125 पट लवकर मरतो. उतारावर असताना दाब आधीच गेलेला, अंगणात येईपर्यंत ती नुसती ओली खडी.

छोट्या चॅनेलमधले आकडे 25 ने गुणून डोंगराला लावायचे नाहीत, हे यातून पक्कं झालं. यूट्यूबवरच्या निम्म्या मॉडेलांना हे लागू होतं.

उपाय: पाणी निसटायचा वेग कमी करा, म्हणजे बारीक माती. ओरेगॉनवाल्यांनीही नुसत्या वाळू-खडीत सुमारे 7 टक्के गाळमाती घातली तेव्हा लोंढा जास्त लांब गेला. आमच्याकडे काळ्या मातीला काय तोटा! कन्नडवाल्याच्या शेतातली माती, 75 मायक्रॉनच्या चाळणीतून. 3 टक्क्यांना फरक कळतो. 7 टक्क्यांना लोंढा अंगणाच्या पार टोकाला. त्याहून वाढवली की उलट: माल चिकटतो, गोळा होऊन सरकतो, ॲक्रिलिकला लपका मारतो. काळी माती फुगणारी, तिच्याशी लहान मापात फार सलगी करता येत नाही. 7 वर थांबलो.

17 सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन, वर विसर्जन. लॅब बंद.

18 सप्टेंबर

सगळ्यात सुंदर व्हिडिओ आज मिळाला. 7 टक्के काळी माती, खडी मिसळून, बाजूने स्लोमो.

हॉपरमध्ये माल एकजीव होता. चॅनेलच्या निम्म्यात पोहोचेस्तोवर खडी पुढे जमली. होतं असं: हलत्या मालात बारीक कण खालच्या फटींत उतरतात आणि जाड कण वर ढकलले जातात, फरसाणाचा डबा हलवला की चुरा तळाला जातो तसं. वरचा थर तळापेक्षा जोरात पळतो, म्हणून वर आलेली खडी पुढच्या तोंडाशी पोहोचते. तिथे ती कडेला पडते, काही चाकाखाली आल्यासारखी खाली जाते, पुन्हा वर येते. तोंड कोरडं, खडबडीत, उंच. मागे गुळगुळीत, चकाकणारा रेंदा.

दोन सेन्सर लावले होते, त्यांनी हेच आकड्यात सांगितलं. खडीचं तोंड सेन्सरवरून जाताना पाण्याचा दाब जवळजवळ शून्य. मागचा रेंदा आला की दाब वरच्या मालाच्या एकूण भाराच्या आसपास. म्हणजे पुढचा भाग ब्रेक लावतोय आणि मागचा, ज्याचे कण जवळजवळ अधांतरी आहेत, तो ढकलतोय. सगळी झटापट या दोघांची. अंगणात आल्यावर मागच्या रेंद्याने खडीला दोन्ही बाजूंना सारलं आणि मधून वाट काढली. कडेला राहिले दोन बांध. घाटात ओढ्याच्या काठी बघितले ते हेच, आतल्या बाजूने उभे.

कन्नडवाला बराच वेळ व्हिडिओ मागेपुढे करत बसला होता. मग म्हणाला, गावात म्हातारी माणसं सांगतात, आधी दगडांचा आवाज येतो, पाणी मागून. बरोबरच सांगतात.

27 सप्टेंबर

तळावर आधीच माल पसरून ठेवला, 2 सेंटिमीटर. एकदा कोरडा, एकदा भिजवलेला. वरून नेहमीचा लोंढा.

कोरड्या थराने लोंढ्यातलं पाणी शोषलं, वेग खाल्ला. भिजलेला थर लोंढ्याच्या भाराखाली दाब धरून सुटला आणि लोंढ्यातच सामील झाला. अंगणात पोहोचलेला माल सोडलेल्यापेक्षा जास्त भरला. 2011 मध्ये छापलेल्या ओरेगॉनच्या प्रयोगांतही ओल्या तळावर लोंढ्याचा वेग आणि जोर दोन्ही वाढले होते. वायनाडचे 8 किलोमीटर समजायला हे लागतं: वर सुटलं ते सगळं नव्हे, वाटेत भिजून बसलेलं पात्रही बरोबर निघालं.

9 ऑक्टोबर

दसऱ्याआधीचा रिव्ह्यू. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अपेक्षित प्रश्न विचारला: "तुमच्या मॉडेलवरून कन्नड घाटात लोंढा किती लांब येईल ते सांगा." उदगीरवालीने सरळ सांगितलं की या मॉडेलवरून ते सांगता येणार नाही, आणि 125 चा हिशोब फळ्यावर मांडला. पुढचा प्रश्न आला नाही. परळीवाल्याने वाटेत अडवायच्या भिंतीचा विषय काढला. जपानमध्ये ओढ्यांवर उभ्या फटी ठेवलेले बांध घालतात, रोजचं पाणी आणि गाळ जातो, धोंड्यांचं तोंड अडतं. तोंड अडलं की मागचा रेंदा पाणी सोडून बसतो. आम्ही ॲक्रिलिकच्या पट्ट्या लावून पाहिलं, फट खडीच्या दीडपट असली तर अडकतं, तिप्पट ठेवली तर सरळ निघून जातं. चांगला विषय आहे, पण आमच्या अहवालात दोन पानांपुरताच.

सरांनी एक बदल सुचवला. सुटण्याच्या प्रयोगासाठी थर 12 ऐवजी 20 सेंटिमीटर घ्यायचा, म्हणजे दाब टिकायचा वेळ पावणेतीन पटींनी वाढतो आणि ठोकलेल्या थराची बुडी ग्राफवर आणखी स्पष्ट येईल. हॉपरच्या कडा उंचवाव्या लागतील. दसरा झाल्यावर लगेच. मामांनी पत्र्याचं माप घेतलंय, सेन्सरचे फिल्टर मी बदलायचे.